तंबोरा लागत नाही, तेव्हा

सदाशिव पेठेतून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. उभे आयुष्य पहाटे तंबोरा जुळवून तासभर गाण्याचा त्यांचा नेम. परंतु गेल्या पावसाळ्यापासून तंबोऱ्यावर गवसणी चढली ती उतरलेलीच नाही. ‘तो लागतच नाही. माझा कानच गेला,’ एवढे बोलून त्या विषय बदलतात. पत्रलेखिकेला संगीताचे शिक्षण नाही. त्यांचा प्रश्न सरळ आहे : हे दुखणे कानाचे की वाद्याचे, आणि घरच्यांनी काय करावे?

प्रश्न एकट्या त्यांच्या घरचा नाही. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. पुढे १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सवाने श्रोत्यांच्या पिढ्या घडवल्या. या संस्कारात वाढलेली कितीतरी माणसे आज सत्तरीच्या आणि ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मिरजेचा तंबोरा उभा असतो, आणि तो सुरात लागेनासा झाला की बहुतेक जण प्रथम स्वतःच्या कानावर ठपका ठेवतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी वाद्य पाहावे, मग हात, आणि शेवटी कान. वाद्याचा दोष पाच-दहा रुपयांच्या खडूनेही दूर होऊ शकतो; ‘कान गेला’ असे एकदा मनाने घेतले, की गाणे थांबते, त्याबरोबर पहाटेचे उठणे, ताठ बसणे, दीर्घ श्वास घेणे हेही थांबते, आणि घरातील एक माणूस हळूहळू गप्प होत जाते. त्या गप्प होण्याला औषध सापडणे अधिक कठीण.

तंबोरा ही निसर्गातून उचललेली वस्तू आहे, हे आपण विसरतो. भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातील शेतात पिकतो, दांडी आणि तबली लाकडाची, घोडी हाडाची किंवा शिंगाची, आणि त्यांवरून ताणलेल्या तारा पोलादाच्या व पितळेच्या. मिरजेतील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या कामाकडे वळले. फरीदसाहेब हे त्यांच्यातील आद्य नाव. तेथील सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु कारागिरी कितीही उत्तम असली, तरी लाकूड हवेतील ओलावा शोषणारच आणि उन्हाळ्यात तो सोडणारच.

पुण्याची हवा या बाबतीत वाद्यांची परीक्षा पाहते. एप्रिल-मे महिन्यांत कोरडेपणामुळे लाकूड आक्रसते, खुंटी आपल्या भोकात सैल होते आणि जुळवलेली तार हात सोडताच मागे सरकते. गाणारी व्यक्ती पुन्हा जुळवते, तार पुन्हा उतरते. चार वेळा असे झाले की ‘मला सूर कळेना’ असा समज होतो. वास्तविक सूर कळला होता, खुंटीने तो धरून ठेवला नाही. यावर उपाय जुनाच आहे. तार सैल करून खुंटी बाहेर काढावी, तिच्या घासल्या जाणाऱ्या भागावर शाळेतला साधा पांढरा खडू फिरवावा आणि ती पुन्हा बसवावी. फिरवताना खुंटी किंचित आत दाबत फिरवायची असते, कारण ती निमुळती असते आणि आत रुतूनच घट्ट होते.

पावसाळ्यात नेमके उलटे घडते. खुंटी फुगून अडकते, मुळीच फिरत नाही किंवा एकदम झटका देऊन फिरते आणि सूर हवा तिथून पुढे निघून जातो. अशा वेळी कपाटातली पक्कड बाहेर काढू नये. जुन्या खुंटीचे डोके तुटते, आणि क्वचित दांडीलाही तडा जातो. तंबोरा एक-दोन दिवस कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवावा. चुलीजवळ, हीटरजवळ किंवा उन्हात मात्र नव्हे. मग खुंटी आधी थोडी उतरत्या दिशेने हलवून मोकळी करावी आणि नंतर चढवावी. फारच रुतत असेल तर खडूऐवजी कोरड्या साबणाचा अगदी पुसट हात पुरतो. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवलेला तंबोरा जुलै-ऑगस्टमध्ये लागणारच नाही, हे गृहीत धरावे. पंख्याच्या थेट झोताखाली बसून जुळवलेला तंबोराही पंखा बंद करताच हलतो, कारण तारेचे तापमान बदलले की तिचा ताण बदलतो.

आता तारांकडे पाहू. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या म्हणजे षड्जाच्या, आणि चौथी खर्जाची. तारेवर काळपट डाग, गंज किंवा दुमड असेल, तर ती तार एक सूर देतच नाही. तिच्यातून दोन सूर एकमेकांशी भांडत असल्यासारखा नाद येतो. अशी तार जगातला कोणताही कान जुळवू शकणार नाही. ती बदलावी. चारही तारा एकाच दिवशी बदलू नयेत. नवी तार काही दिवस ताणत राहते आणि रोज उतरते, तेव्हा शेजारी एखादी स्थिरावलेली तार आधाराला असलेली बरी. घोडीच्या खाली तारेत ओवलेले मणी हे बारीक दुरुस्तीसाठी असतात : मणी घोडीपासून दूर, खाली सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. पुष्कळ घरांत मणी आधीच पार खाली जाऊन बसलेले असतात, मग वर चढवायला वावच उरत नाही. म्हणून खुंटी पिळण्यापूर्वी मणी मध्यावर आणावेत. हा लहानसा उपाय थकलेल्या मनगटांचे निम्मे कष्ट वाचवतो.

मनगटांचा प्रश्न खरा आहे, आणि तो बोलून दाखवायला वडीलधाऱ्यांना संकोच वाटतो. खुंटी दाबत फिरवणे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने तार छेडणे हे संधिवात असलेल्या बोटांना जड जाते. सकाळी सांधे आखडलेले असतात. तेव्हा कोमट पाण्यात हात दहा मिनिटे बुडवावेत, किंवा जुळवणी दुपारी करून ठेवावी आणि पहाटे केवळ मणी हलवावा. तंबोरा उभा धरण्याचा आग्रहही सोडावा. गादीवर आडवा ठेवून भोपळ्याच्या दोन्ही बाजूंना उश्या लावल्या, की तो हलत नाही, आणि तोल जाऊन माणूस किंवा वाद्य पडण्याची भीतीही राहत नाही. चार-पाच फुटांचे हे वाद्य एकट्याने उचलून कोपऱ्यातून आणणे हे वयाच्या ७८ व्या वर्षी टाळलेलेच बरे.

यापेक्षाही चांगला मार्ग म्हणजे जुळवणीचे काम दोघांत वाटून घेणे. सासूबाईंनी तार छेडावी व ऐकावे. सूनबाईंनी खुंटी फिरवावी. त्यासाठी सूनबाईंना संगीत येण्याची गरज नाही. ‘चढव’, ‘उतरव’, ‘केसभर’, ‘थांब’ एवढे शब्द पुरतात. सूर नेहमी खालून वर चढवत आणावा. वर गेला तर पुन्हा थोडा खाली उतरवून मग चढवावा, म्हणजे खुंटी घट्ट बसते. खुंटी फिरवणाऱ्याने तोंड तारेच्या रेषेत आणू नये आणि चष्मा असल्यास तो डोळ्यांवर ठेवावा, कारण जुनी तार तुटली की चाबकासारखी उडते.

प्रथम जोडीच्या दोन तारा एकमेकींशी मिळवाव्यात. येथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. काळी चारच्या षड्जाची कंपने सेकंदाला सुमारे २०८. एक तार २०८ वर आणि दुसरी २०६ वर असेल, तर दोन्ही एकत्र वाजताना नाद सेकंदातून दोनदा फुगतो आणि ओसरतो. तारा जवळ येतात तशी ही लाट संथ होते, आणि पूर्ण मिळाल्या की नाहीशी होते. ही लाट ओळखायला फार तल्लख कान लागत नाही. नाद लहान-मोठा होतो आहे एवढेच कळावे लागते. भोपळ्यावर किंवा तबलीवर तळवा हलकेच ठेवला, तर ती हातालाही जाणवते. ऐकू कमी येणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. जोड मिळाली की खर्ज तिच्या निम्म्यावर, म्हणजे १०४ वर, आणि मंद्र पंचम १५६ वर येतो. ही गणिते अर्थात समजून घेण्यासाठी, जुळवायचे कानानेच.

मग मोबाइलवरील अॅप वापरू नये काय? वापरावे, परंतु केवळ जोडीच्या षड्जासाठी. तंबोऱ्याच्या तारेतून मूळ सुरापेक्षा त्याचे वरचे अंश कधी अधिक ठळक येतात. त्यामुळे खर्ज छेडला असता अॅप कधी पंचमाचे, कधी गंधाराचे नाव दाखवते आणि माणूस उगाच घाबरतो. शिवाय अॅपचा पंचम हा पेटीचा पंचम असतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग कल्पिले, तर तो तंबोऱ्याच्या स्वाभाविक पंचमापेक्षा दोन भाग उतरा असतो. खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराच्या बाबतीत तर पेटीचा गंधार चौदा भाग चढा असतो. पन्नास वर्षे रियाज केलेल्या बाईंना अॅपने ‘जुळला’ म्हटलेला पंचम खटकत असेल, तर बाईंचे बरोबर आहे असे समजावे.

तंबोरा नीट जुळूनही गाणे त्याच्याशी मिळत नसेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. वयाबरोबर आवाजाची जात बदलते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज खाली उतरत जातो. पुरुषांचा उतारवयात काहीसा चढतो. तरुणपणी काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंनी त्याच पट्टीचा हट्ट धरला, तर तार षड्जाला गळा ताणला जातो, सूर खाली राहतो, आणि बोल तंबोऱ्याला लागतो. पांढरी पाच किंवा काळी तीन घ्यायला कमीपणा मानू नये. मोठमोठ्या गायकांनीही वयानुसार पट्टी बदलली आहे. अर्ध्या-एका सुराचा उतार त्याच तारांवर चालतो. त्याहून अधिक उतरवायचे झाल्यास तारा ढिल्या पडून फडफडतात, मग वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून जाड तारा बसवून घ्याव्यात.

आता जवारीविषयी, कारण कान आणि वाद्य यांची खरी गफलत येथेच होते. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अतिशय सौम्य उतार असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवलेला असतो. कंप पावणारी तार त्या उताराला पुनःपुन्हा स्पर्श करते आणि सुरातून सुरांचे झुंबर फुटते. चंद्रशेखर वेंकट रामन यांना या घोडीने इतके कुतूहल वाटले, की १९२१ साली त्यांनी तंबोरा आणि वीणा यांवर शोधलेख लिहिला. साध्या तारेत जे अंश छेडण्याच्या जागेमुळे उमटूच नयेत, तेही येथे स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवले. म्हणजे तंबोऱ्याचे तेज हे उंच अंशांत आहे. आणि वार्धक्यात कान प्रथम गमावतो तेही उंच सूरच.

त्यामुळे ज्येष्ठ व्यक्ती म्हणते, ‘जवारी गेली, तंबोरा मुका झाला.’ ते खरेही असू शकते. वर्षानुवर्षे तारेने घोडीत चरे पडले असतील, तर जवारी पुन्हा काढून घ्यावीच लागते, आणि ते काम घरी कानशीने करू नये. परंतु आधी दोरा अगदी थोडा थोडा पुढे-मागे सरकवून पाहावा. बहुधा एका जागी नाद एकदम उघडतो. नाही उघडला, तर घरातील एखाद्या तरुणाला किंवा गाण्याच्या मैत्रिणीला शेजारी बसवावे. त्यांना झुंबर ऐकू येते आणि आपल्याला नाही, असे झाले तर कारागिराकडे जाण्याची घाई नको, कान तपासून घ्यावा. हा निर्णय अवघड वाटतो खरा, परंतु सुस्थितीतील जवारी ‘आणखी उघडा, आणखी उघडा’ म्हणून घासून घेतलेली वाद्ये कारागिरांकडे येत असतात.

ज्यांना तंबोरा पेलवतच नाही त्यांच्यासाठी भोपळा नसलेला चपटा, पेटीच्या आकाराचा तंबोरा मिळतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा तर १९७९ पासून आहेच, बेंगळुरूचे जी. राज नारायण यांनी तो प्रथम बनवला. आणि हल्ली नातवंडांच्या खोलीत एक चार तारांचे इवलेसे वाद्य सापडते : युकुलेली. १८७९ साली मदैरा बेटावरून हवाईला गेलेल्या पोर्तुगीज कामगारांनी नेलेल्या छोट्या गिटारीपासून ते जन्मले. मांडीवर सहज मावते, नायलॉनच्या तारा बोटांना बोचत नाहीत. ते जुळवणे आजी-आजोबांना नातवापेक्षा लवकर जमेल, कारण पांढरी एकला षड्ज मानला तर त्याच्या चार तारा ओळीने पंचम, षड्ज, गंधार आणि धैवत आहेत. गंमत अशी की तंबोऱ्याप्रमाणे येथेही तारा खालून वर चढत्या क्रमाने नसतात. पहिला पंचम षड्जाच्या वरचा असतो. नायलॉन पोलादापेक्षा कितीतरी अधिक ताणते, म्हणून नवे वाद्य आठवडा-दोन आठवडे रोज उतरेल; त्यात दोष नाही. खुंटी घसरत असेल तर तिच्या टोकाचा बारीक स्क्रू पाव फेरा आवळावा. मोकळ्या तारा सुरात असून बोट दाबल्यावर सूर चढत असेल, तर बोट गरजेपेक्षा जोराने दाबले जात आहे. आखडलेल्या बोटांकडून हे नकळत घडते. पडद्याच्या अगदी लगत, हलके दाबून पाहावे.

एवढे करूनही सूर लागला नाही, तर मग कान. वयानुसार येणारे बहिरेपण सावकाश, दोन्ही कानांत सारखे आणि उंच सुरांपासून सुरू होते. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजने निसटणे, दूरदर्शनचा आवाज वाढत जाणे, चारचौघांत बोललेले न समजणे या त्याच्या खुणा. कित्येकदा तर कारण केवळ साचलेला मळ असते. तो हेअरपिनने किंवा तेल घालून काढण्याच्या भरीस न पडता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून काढून घ्यावा. एकच सूर दोन कानांना वेगवेगळ्या उंचीचा ऐकू येऊ लागला, तर ती तक्रार ‘गाणाऱ्यांची नाजूक नखरेल सवय’ म्हणून उडवून लावू नये. अशी अवस्था वैद्यकाला परिचित आहे. आणि एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी कमी झाले, तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे. त्या दुखण्यात उपचाराचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच अधिक होतो; ‘सर्दी असेल, रविवारनंतर पाहू’ असे म्हणू नये.

औषधांचाही एक दुर्मीळ पण विलक्षण संबंध आहे. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या वेदनेसाठी किंवा फेफऱ्यासाठी दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिन या औषधाने काही रुग्णांना सारे सूर सुमारे अर्ध्या सुराने उतरलेले ऐकू येतात, आणि औषध बदलल्यावर ते पूर्ववत होते, अशा नोंदी आहेत. असे जाणवल्यास डॉक्टरांना सांगावे. औषध स्वतःहून बंद मात्र करू नये.

राहिला श्रवणयंत्राचा मुद्दा, कारण पत्रलेखिकेने शेवटी ओझरते लिहिले आहे की सासूबाईंनी गेल्याच वर्षी ते घेतले. माझी शंका तिकडेच सर्वाधिक जाते. ही यंत्रे प्रामुख्याने बोलणे स्पष्ट व्हावे यासाठी बसवलेली असतात. त्यांत शिटी वाजू नये म्हणून एक यंत्रणा असते. ती दीर्घकाळ टिकणाऱ्या स्थिर नादाला शिटीच समजते आणि तो खोडू लागते. तंबोऱ्याइतका स्थिर, अखंड नाद दुसरा कोणता? परिणामी सूर थरथरतो, डुलतो, त्याला भलताच कंप सुटतो. काही यंत्रे उंच सूर ऐकू यावेत म्हणून त्यांना खाली सरकवतात. बोलण्यासाठी ते ठीक, परंतु सुरांच्या परस्पर नात्यांची त्यात मोडतोड होते. घरी करण्याजोगी चाचणी सोपी आहे. यंत्र काढून, तंबोऱ्याजवळ बसून, जोडीच्या दोनच तारा छेडाव्यात. नाद कमी ऐकू आला तरी स्थिर वाटला, तर कान सूर ओळखतो आहे, बिघाड यंत्राच्या मांडणीत आहे. श्रवणतज्ज्ञांकडे संगीतासाठी वेगळा प्रोग्राम मागता येतो; त्यात शिटी रोखणारी यंत्रणा सौम्य किंवा बंद ठेवतात, सूर सरकवणे बंद करतात आणि एक बटण दाबून तो निवडता येतो. ‘गाणे नीट ऐकू येत नाही’ एवढेच सांगून मात्र हे होणार नाही. भेटीला जाताना इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरील तंबोरा आणि छोटा स्पीकर बरोबर न्यावा, सासूबाईंची पट्टी लावावी, आणि तो वाजत असतानाच तज्ज्ञांकडून यंत्राची जुळवणी करून घ्यावी.